आकडा शेवटी बोला

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की कलाकारांनी करारावर सही करायच्या आधी निदान एकदा तरी नीट बोलणी करावीत, आणि त्यावर भरपूर मेल आल्या. बहुतेकांचं म्हणणं एकच, की मॅडम बोलणी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, आम्हाला हे कोणी शिकवलंच नाही. खरंय ते. आपल्याकडे मानधनाचा विषय काढणं म्हणजे काहीतरी हलकं काम असं अजूनही वाटतं, आणि त्याचा फायदा समोरचा बरोबर घेतो. मी सिनेमा, मालिका, नाटक, गाणी यांचेच करार करते. या कामात जे थोडंफार कळलंय ते वकील नसलेल्या माणसालाही वापरता येतं, म्हणून यातली काही पत्रं घेऊन सविस्तर लिहितेय. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न: मी कोल्हापूर जिल्ह्यात राहतो, गाणी लिहितो. एका मराठी सिनेमात माझी दोन गाणी घेतलीत. करारात लिहिलंय एकरकमी १५ हजार आणि "सर्व हक्क कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, आज असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत". मी २५ मागितले तर म्हणाले बजेट नाही. निर्माते माणूस म्हणून चांगले आहेत. आता काय बोलू, की सोडून देऊ?

सोडू नका, आणि २५ वर अडूनही बसू नका. तुम्ही बोलणी सुरू केलीत तीच आकड्यापासून आणि तिथेच तुमची बाजू सगळ्यात लंगडी आहे, कारण त्यांच्या एक्सेल शीटमध्ये गीतकाराच्या रकान्यात जे लिहिलंय ते लिहिलंय, तो रकाना बदलायला त्यांना फायनान्सरला विचारावं लागतं. पण बाकी जे जे तुम्ही देताय त्याचा रकानाच त्यांच्याकडे नाहीये. त्यावर बोला आधी.

तुम्ही तिकडचे म्हणून सांगते, शेत खंडाने देणं वेगळं आणि खरेदीखत करून देणं वेगळं हे तुमच्याकडे शाळेतल्या पोराला पण कळतं. गाण्याच्या बाबतीत मात्र आपण खंडाच्या पैशात खरेदीखत करून देतो, आणि वर सातबारा वाचत पण नाही.

आता तुमच्या बाजूने काय आहे ते बघा. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली, आणि त्यासाठी राज्यसभेत असताना जावेद अख्तरांनी किती किल्ला लढवला ते तुम्ही वाचलं असेल. त्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला, थिएटरमध्ये सिनेमासोबत गाणं वाजतं तेवढं सोडून बाकी जिथे जिथे ते वापरलं जातं, म्हणजे टीव्ही, रेडिओ, स्ट्रीमिंग, हॉटेल, कार्यक्रम, तिथल्या रॉयल्टीत हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने वाटा आहे. आणि हा वाटा तुम्ही सही करून सोडूही शकत नाही, वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो एवढंच. "गीतकाराने रॉयल्टीचा हक्क सोडला आहे" असं वाक्य करारात असलं तर ते कायद्याने रद्दच आहे. पण म्हणून ते वाक्य तसंच राहू देऊ नका हां, कारण दहा वर्षांनी ते वाक्य दाखवून तुम्हाला कोणीतरी घाबरवणार. आयपीआरएस म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी कॉपीराइट सोसायटी, तिचे मेंबर नसाल तर आधी व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. मेंबर नसलेल्या गीतकाराची रॉयल्टी त्याला घरी शोधत येत नाही.

आणखी एक. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि जे माध्यम सही करताना अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात आलं नव्हतं, ते करारात स्पष्ट लिहिलं नसेल तर तुमच्याकडेच राहतं. आता कळलं ना त्यांचा वकील "कायमस्वरूपी", "विश्वात" आणि "भविष्यात येणाऱ्या" हे तीन शब्द कधीच का विसरत नाही? ते शब्द म्हणजे तुमच्याकडून विकत घेतलेल्या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि सध्या त्या तुम्ही फुकट देताय.

मी तुमच्या जागी असते तर फोन करण्याऐवजी असा मेसेज टाकला असता: "नमस्कार सर. गाणी तुमच्या सिनेमात येतायत याचा खूप आनंद आहे. १५ हजार मला मान्य होऊ शकतात, त्यासोबत करारात चार गोष्टी असाव्यात अशी विनंती. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे माझी रॉयल्टी अबाधित राहील आणि ती मी आयपीआरएसमार्फत घेईन. अर्धे पैसे सहीला, अर्धे रेकॉर्डिंगला. टायटलमध्ये, यूट्यूबवर आणि सगळ्या म्युझिक ॲपवर गीतकार म्हणून नाव. आणि १८ महिन्यांत गाणं वापरलं गेलं नाही तर सगळे हक्क माझ्याकडे परत." यात "मान्य आहेत" असं लिहिलं नाहीये, "मान्य होऊ शकतात" लिहिलंय, तो फरक सांभाळा. एकदा "मान्य आहे" लिहिलंत की पुढच्या चारही गोष्टी त्यांच्या मर्जीच्या झाल्या.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल थोडं जास्त सांगते. "उरलेले पैसे रिलीजनंतर" हे वाक्य मराठी सिनेमात सर्रास असतं आणि मला त्याचा मनापासून राग आहे. किती सिनेमे तयार होऊन डब्यात पडून राहतात हे तुम्हीही बघताय. गाणं लिहून झालं, रेकॉर्ड झालं, तुमचं काम संपलं, रिलीज तुमच्या हातात आहे का? नाही ना, मग तुमचे पैसे रिलीजला का बांधायचे.

माझा अनुभव असा की चारातल्या दोन-तीन गोष्टी चांगला निर्माता सहज देतो, कारण आज त्याच्या खिशातून काही जात नाही. आणि चारही नाही म्हणालाच तर मग आकडा वाढवून मागायचं ठोस कारण तुमच्याकडे आलं. हॉलिवूडमधला एक किस्सा या धंद्यातल्या सगळ्यांना माहितीये, जॉर्ज लुकासने स्टार वॉर्सच्या वेळी दिग्दर्शनाची फी वाढवून मागायच्या ऐवजी पुढच्या भागांचे आणि खेळणी-बिळणी विकायचे हक्क स्वतःकडे ठेवले. स्टुडिओला तेव्हा त्यात काही मोठं दिसत नव्हतं म्हणून त्यांनी ते देऊन टाकले, आणि पुढे खरा पैसा तिथेच निघाला.

प्रश्न: मी नागपूरची, वय २४. एका मालिकेत मुख्य भूमिकेसाठी निवड झालीये, लुक टेस्ट झाली, चॅनेलचं अप्रूव्हल आलं. करारात दोन वर्षं पूर्ण एक्सक्लुझिव्ह आहे, म्हणजे बाहेर दुसरं काहीच काम करायचं नाही, शिवाय मालिका संपल्यावर सहा महिने दुसऱ्या चॅनेलवर काम करायचं नाही, आणि मध्येच सोडलं तर दहा लाख दंड. आई म्हणते दहा जणी रांगेत उभ्या आहेत, गपचूप सही कर.

आईंची काळजी समजते गं. पण एक गोष्ट त्यांना सांग, रांग अप्रूव्हल यायच्या आधी असते. चॅनेलने चेहरा पास केला, प्रोमोच्या शूटची तारीख पडली, की मधले हे जे काही दिवस असतात ना तेव्हा तुझं म्हणणं जितकं ऐकलं जाईल तितकं नंतर पुढची दोन वर्षं ऐकलं जाणार नाही. प्रोमो ऑन एअर गेला की संपलं. म्हणून आत्ताच बोल, आणि गोड बोल.

मालिका चालू असतानाचं एक्सक्लुझिव्ह साधारणपणे टिकतं, त्यावर भांडू नकोस. सहा महिन्यांच्या बंदीची गोष्ट वेगळी. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम सांगतं की माणसाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द असतो. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचीच केस आहे. २००० साली त्याने एका मॅनेजमेंट कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता, त्यात कलम असं की मुदत संपल्यावर सुद्धा दुसऱ्याची ऑफर आली तर आधी या कंपनीला विचारायचं. तो दुसऱ्या कंपनीकडे गेला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये कोर्टाने सांगितलं, करार संपल्यानंतरची अशी अट चालणार नाही. दंडाचंही तसंच, करारात दहा लाख लिहिले म्हणून आपोआप दहा लाख वसूल होत नाहीत, कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं आणि दहा लाख ही त्याची कमाल मर्यादा.

पण हे सगळं त्यांच्या तोंडावर फेकायला जाऊ नकोस प्लीज. कायदा तुला माहितीये एवढं पुरतं, तो तुझ्या आवाजात आपोआप येतो. बोलताना प्रश्न विचार. "सर, एक्सक्लुझिव्ह नक्की कशासाठी हवंय?" उत्तर बहुतेक हेच येईल की आमचा चेहरा दुसऱ्या चॅनेलवरच्या डेली सोपमध्ये दिसायला नको. ठीक आहे, ती त्यांची खरी गरज, ती देऊन टाक. मग विचार, "नाटक केलं तर चालेल ना? वेब सिरीज? सराफाची जाहिरात?" याला त्यांच्याकडे नाही म्हणायला फारसं कारण नसतं, फक्त कोणी विचारत नाही म्हणून सगळं बंद लिहिलेलं असतं. तरी ते "परवानगी घेऊन करा" म्हणतील, त्यावर एक ओळ जोडून घे की मेल केल्यापासून दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजलं जाईल. ही एक ओळ खूप कामाची आहे, नाहीतर परवानगीची मेल कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहते आणि नाटकाचा पहिला प्रयोग होऊन जातो.

आणि एक्सक्लुझिव्ह देतेस तर बदल्यात महिन्याला किमान दिवसांची हमी माग. तुझे पैसे पर डे आहेत, गोष्टीचा ट्रॅक दुसऱ्या पात्रांकडे वळला आणि महिन्यात चारच दिवस बोलावलं तर मुंबईतलं भाडं कशातून भरणार? बाहेर काम करायचं नाही आणि इथे दिवस नाहीत, असं दोन्हीकडून अडकू नकोस. पेमेंट नव्वद दिवसांनी असतं बऱ्याच ठिकाणी, ते कमी नाही झालं तरी निदान "टेलिकास्टपासून" ऐवजी "शूटिंगच्या महिन्यापासून" मोजायला सांग. आणि नोटीस दोन्ही बाजूंनी सारखी, ते तीस दिवसांत काढू शकत असतील तर तूही तीस दिवसांत निघू शकतेस.

प्रश्न: मी सांगलीचा. माझी एकांकिका स्पर्धेत गाजली, एका निर्मात्याचा फोन आला की भेट, गोष्ट ऐकव, सिनेमा करूया. मला भीती वाटते गोष्ट चोरतील. एनडीए, म्हणजे गोष्ट गोपनीय ठेवण्याचा करार, मागितला तर उद्धट दिसेन का?

उद्धट दिसणार नाही, पण नवीन लेखकाला तो मिळतही नाही बऱ्याचदा, म्हणून त्याच्यावर भेट अडवू नका.

कल्पनेवर कॉपीराइट नसतो हे आधी पक्कं डोक्यात घ्या. १९७८ साली सुप्रीम कोर्टात अशाच एका नाटककाराची केस होती, आर. जी. आनंद यांची, माझ्या नाटकावरून सिनेमा केला म्हणून. ते हरले. कोर्ट म्हणालं विषय एक असू शकतो, मांडणी वेगळी आहे. म्हणजे तुमचं संरक्षण तुमच्या लिहिलेल्या पानांत आहे, "एक गाव असतं आणि तिथे" एवढ्यात नाही. जितकं सविस्तर लिहून काढाल, सीन, संवाद, पात्रांची वळणं, तितकं बरं. मात्र विश्वासाने सांगितलेली गोष्ट याला वेगळं संरक्षण आहे. २००३ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका मालिकेची संकल्पना चॅनेलला दाखवल्यावर चॅनेलने स्वतःच तशी मालिका आणली त्या प्रकरणात मूळ संकल्पना मांडणाऱ्यांच्या बाजूने मनाई हुकूम दिला, कारण संकल्पना गोपनीय म्हणून दिली होती आणि ती कोणी, कधी, कोणाला दिली याचे कागद होते.

तेव्हा कागद तयार करा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये संहिता रजिस्टर करा, मग भेटीच्या आदल्या दिवशी एक मेल: "सर, उद्या दुपारी भेटतोय, माझ्या एकांकिकेवर आधारित सिनेमाची गोष्ट सांगेन, ती गोपनीय ठेवावी ही विनंती." भेटीनंतर दुसरी: "आज वेळ दिलात, धन्यवाद, सोबत सांगितलेल्या गोष्टीचा सारांश जोडतोय." मेल सभ्य आहेत, कोणालाही राग येत नाही, आणि पुढे काही झालंच तर याच दोन मेल बोलतात.

पुढे बोलणी झाली तर लगेच सगळे हक्क देऊ नका. आधी ऑप्शन द्या, म्हणजे एक छोटी रक्कम घेऊन बारा महिने ही गोष्ट फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवायची. त्या काळात पैसे उभे राहिले तर पूर्ण करार, नाहीतर गोष्ट मोकळी. सिनेमाचे हक्क दिले म्हणून रंगमंचाचे जात नाहीत हे लिहून घ्या, उद्या त्याचं दोन अंकी नाटक करावंसं वाटलं तर? दुसऱ्या भाषेतला रिमेक हा तर स्वतंत्र व्यवहार, त्याचे वेगळे पैसे.

आणि एक जरा नाजूक विचारते. एकांकिका तालमीत बदलली असणार, दिग्दर्शकाने, मुलांनी इंप्रोव्हाइज करून वाक्यं घातली असणार. त्या ग्रुपशी आत्ताच, निर्मात्याला भेटायच्या आधी, मोकळेपणाने बोलून कोणाचं काय हे लिहून ठेवा. सिनेमाचं नाव निघालं की वर्षानुवर्षांची दोस्ती कशी फाटते ते मी खूप जवळून बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

प्रश्न: पुण्यात माझा छोटा एडिटिंग आणि साउंडचा स्टुडिओ आहे. काम करून घेतात, पैशांना सहा-सहा महिने. मागितले की "पुढचं काम पण तुलाच देतोय ना" म्हणतात.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलंय का? नसेल तर आजच करा, फुकट आहे, ऑनलाइन होतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आयकरात पण २०२४ पासून अशी तरतूद लागू झालीये की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर समोरच्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. हे दुसरं जास्त उपयोगी पडतं, कारण निर्मात्याच्या सीएलाच मार्चमध्ये तुमची आठवण येते. बिलावर उद्यम नंबर छापा. वॉटरमार्कवाला कट अप्रूव्ह करून घ्या, फायनल फाइल पेमेंटनंतर, आणि हे पहिल्या कोटेशनमध्येच लिहा म्हणजे शेवटी अडवणूक केल्यासारखं वाटत नाही. "पुढचं काम" वाल्याला एवढंच म्हणा, "नक्की दादा, मागचं क्लिअर करा की लगेच लावतो टाइमलाइनला."

प्रश्न: नाशिकमध्ये मित्र मिळून पहिला सिनेमा करतोय, मी दिग्दर्शक. फी न घेता नफ्यात २० टक्के देतो म्हणतात. घेऊ का?

"नफा" म्हणजे काय ते लिहून दिल्याशिवाय नको. अमेरिकेत आर्ट बुकवाल्ड नावाच्या नामवंत स्तंभलेखकाने एका मोठ्या स्टुडिओवर केस केली होती. त्याच्या गोष्टीवरून काढलेला सिनेमा जगभर तुफान चालला तरी हिशेबात निव्वळ नफा शून्य दाखवला होता, आणि १९९० मध्ये कोर्टाने नफा मोजायचं ते सूत्रच अन्यायकारक ठरवलं. तुमच्याकडे तर मित्र आहेत, चोर नाहीत, पण हिशेबाची व्याख्या मित्रांत पण लागते. उत्पन्नात काय काय येतं ते नाव घेऊन लिहा, थिएटर, सॅटेलाइट (म्हणजे टीव्हीचे हक्क), ओटीटी, म्युझिक, डबिंग, सरकारी अनुदान. खर्चाला कमाल मर्यादा घाला, ऑफिसचं भाडं आणि गुंतवणुकीवरचं व्याज त्यात धरायचं का हे ठरवा, आणि वर्षातून एकदा तुमच्या सीएने वह्या बघायचा हक्क. शक्य असेल तर २० ऐवजी १२ टक्के घ्या पण नफ्यात नको, येणाऱ्या प्रत्येक रुपयात घ्या. आणि थोडी का होईना फी घ्याच, वर्ष-दीड वर्ष घर चालवायचंय.

प्रश्न: मी रत्नागिरीची, सुगम संगीताचे कार्यक्रम करते. फोन आला की मला नाही म्हणताच येत नाही. "ताई तुम्ही घरच्याच" म्हणाले की जे देतील त्यावर हो म्हणून जाते आणि मग रात्रभर स्वतःवर चिडते.

ताई, तुमच्यासारखी पत्रं सगळ्यात जास्त आली, आणि त्यात बायकांची जास्त.

पहिली गोष्ट, फोनवर आकडा बोलायचाच नाही. कधीच नाही. "तारीख बघून संध्याकाळी कळवते" एवढं एकच वाक्य पाठ करा आणि त्याआधी फक्त माहिती घ्या. किती वेळाचा कार्यक्रम, किती गाणी, साथीदार कोणाचे, प्रवास आणि राहायचं कसं, तिकीट आहे की मोफत, प्रायोजक कोण, आणि मुख्य म्हणजे रेकॉर्डिंग होणार का, यूट्यूबवर टाकणार का? शेवटचा प्रश्न तर अजिबात सोडू नका. तुमच्या गाण्याचं रेकॉर्डिंग करायला तुमची परवानगी लागते, कलाकाराचा हा हक्क कायद्यात आहे, आणि व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचाही आहे. स्टेजवर गाण्याचं मानधन वेगळं आणि चॅनेलवर कायम राहणाऱ्या व्हिडिओचं वेगळं. नुसता हा प्रश्न विचारलात तरी फोनवरच्या माणसाचा सूर बदलतो बघा, त्याला कळतं की या बाईंना कामाचं गणित माहितीये.

संध्याकाळी मेसेजमध्ये आकडा लिहा आणि थांबा. त्याखाली "जास्त वाटत असेल तर सांगा" असं लिहू नका, खाली यायला आपणच शिडी लावून देतो आपण. उत्तर दोन तास आलं नाही तर न येऊ दे. ते कमी म्हणाले तर आकडा तसाच उतरवू नका, काम कमी करा: "त्या बजेटमध्ये दोन तासांऐवजी सव्वा तास करू", नाहीतर "साथीदार तुमचे घ्या". आणि "घरच्याच" वर, "घरच्याच आहोत म्हणून तर आधीच स्पष्ट बोलतेय, नंतर गैरसमज नको."

फिल्मफेअरमध्ये सुरुवातीला पार्श्वगायनाला पुरस्कारच नव्हता. गाण्याला संगीताचा पुरस्कार मिळाला म्हणून सोहळ्यात गायला बोलावलं तेव्हा लतादीदींनी नकार दिला, की पुरस्कार संगीताला आहे, गाणाऱ्याला नाही, तर मग नुसतं संगीत वाजवा. १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला. त्यांनी कोणाशी भांडण नाही केलं, आपलं गाणं त्या दिवशी तिथे दिलं नाही. तुम्ही म्हणाल त्या लतादीदी होत्या. हो, पण रत्नागिरीत, चिपळुणात, तुमच्या त्या तारखेला तुमच्यासारखं नाट्यगीत म्हणणाऱ्या किती जणी आहेत हे पण एकदा मोजून बघा ना. आणि महिन्यात एखादी तारीख मोकळी गेली तरी चालेल इतकी सोय, शिकवण्या असतील, दुसरं काही असेल, ती करून ठेवा. नाही म्हणायचं बळ तिथूनच येतं, आत्मविश्वासाच्या पुस्तकांतून येत नाही.

प्रश्न: माझा सिनेमाशी काही संबंध नाही, तरी विचारतो. मी लातूरला एका क्लासमध्ये गणित शिकवतो, व्हिजिटिंग म्हणून, तासावर पैसे. आता क्लासचं ॲप येतंय, माझी सगळी लेक्चर्स शूट करणार म्हणतात, पैसे तेवढेच. कागदावर लिहिलंय "सर्व कंटेंट क्लासच्या मालकीचा राहील".

सर, तुमचा संबंध आहे, चांगलाच आहे. कॉपीराइट कायद्यात परफॉर्मर कोण याची जी यादी आहे त्यात नट, गायक, वादक, नर्तक यांच्याच ओळीत "व्याख्यान देणारी व्यक्ती" लिहिलेली आहे. म्हणजे तुमचं लेक्चर रेकॉर्ड करायला आणि विकायला तुमची संमती लागते.

दुसरा मुद्दा, तुम्ही पगारी नोकर असता तर नोकरीच्या कामात तयार केलेल्या नोट्स साधारणपणे मालकाच्या झाल्या असत्या. तुम्ही व्हिजिटिंग आहात, तासावर, त्यामुळे नोट्स आणि प्रश्नसंच तुमचे, जोपर्यंत तुम्ही लिहून देत नाही तोपर्यंत. तो कागद नेमकं तेच लिहून घेतोय. म्हणून सही करायच्या आधी घरी बसून यादी करा की तुम्ही काय काय देताय: वर्गातला तास, त्याचा व्हिडिओ, नोट्स, प्रश्नसंच, तुमचं नाव आणि फोटो, आणि तुमचा आवाज. तासाचे पैसे फक्त पहिल्या गोष्टीचे आहेत.

मग व्हिडिओ द्या, पण दोन शैक्षणिक वर्षांसाठी, फक्त त्यांच्या ॲपवर, दुसऱ्या क्लासला किंवा कंपनीला विकायचे नाहीत. मोबदला दर लेक्चरमागे एकदाच घ्या किंवा तुमच्या विषयाच्या प्रत्येक सबस्क्रिप्शनमागे ठरावीक रक्कम, आणि विद्यार्थ्यांचा आकडा दर तीन महिन्यांनी तुम्हाला बघायला मिळायला हवा. तुम्ही क्लास सोडलात तर चालू बॅचचं वर्ष संपेपर्यंत व्हिडिओ राहू देत, पोरांचं नुकसान नको, त्यानंतर काढायचे, आणि जाहिरातीतून फोटो मात्र लगेच. आणि एक नवीन कलम आजकाल मी प्रत्येक करारात घालते ते तुम्हीही घाला, की तुमचा चेहरा किंवा आवाज वापरून एआयने नवीन व्हिडिओ बनवायचे नाहीत, दुसऱ्या भाषेत डब करायचे नाहीत, वेगळ्या लेखी संमतीशिवाय.

क्लासचे संचालक म्हणतील, "सर, बाकी सगळ्यांनी सही केली." म्हणू देत. लातूरला पालक ॲडमिशन घेताना गणिताला कोण आहे ते विचारतात की नाही? विचारतात ना. ते संचालकांनाही माहितीये, तुमचा फोटो होर्डिंगवर त्याचसाठी असतो. तेव्हा पुढच्या बॅचचं माहितीपत्रक छापायला जायच्या आधी त्यांना भेटा, केबिनमध्ये, सगळ्या स्टाफसमोर नको, यादी टेबलावर ठेवा आणि एकेका ओळीवर बोला. आकडा त्या भेटीत काढूच नका, दुसऱ्या भेटीत काढा. आणि पहिली भेट झाली की त्याच रात्री काय काय ठरलं ते मेलवर टाका, त्यांच्या "ओके" ची वाट बघा, शूटिंगला त्यानंतर उभे राहा.